दाद कोणाकडे मागायची?
(घरातील मारहाण, स्त्रीचे आरोग्य आणि कुटुंब : एक अभ्यास)

नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले आणि राजाने छळले तर दाद कोणाकडे मागायची, अशी एक म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. लहानपणी आजीच्या तोंडून ती ऐकली तेव्हा गंमत वाटली होती. पुढे समाजशास्त्राच्या वर्गात कुटुंबसंस्था शिकताना तिची आठवण झाली आणि तिच्यातील अर्थ नीट ध्यानात आला. पनवेलचा पाऊस आपण सारेच जाणतो. तो कोणाला विचारून येत नाही आणि त्याच्यावर कोणी फिर्याद करीत नाही. घरात होणारी मारहाण ही त्या पावसासारखीच, सोसण्यावाचून इलाज नसलेली गोष्ट आहे, असे ही म्हण नकळत शिकवून जाते.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. घरातील मारहाणीने स्त्रीच्या शरीराचे व मनाचे काय होते, मुलांचे व घराचे काय होते, आणि म्हणीतल्या प्रश्नाला आज काही उत्तर आहे का, एवढाच लेखाचा मर्यादित हेतू आहे. विषय अवघड आहे. कॉलेजच्या वार्षिकात तो कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या घरात वा शेजारी हा विषय रोज घडत असेल, याचा विचार केला तर तो आपलाच आहे हे पटेल.

एक केसपेपर

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या चाळीतील एका वहिनींना घेऊन मी रात्री एका रुग्णालयात गेले होते. त्यांचा डावा हात कोपराच्या खाली चांगलाच सुजला होता. रिक्षात बसल्यापासून त्या एकच सांगत होत्या, "विचारलं तर मोरीत पाय घसरला म्हणून सांग हं. तूच सांग, मला नाही बोलता येणार." डॉक्टरांनी "काय झालं?" म्हणून विचारले. वहिनींचे यजमान दाराजवळच उभे होते. मी म्हटले, "मोरीत पडल्या." केसपेपरवर तसेच लिहिले गेले. एक्स-रे निघाला, प्लास्टर झाले, आम्ही घरी आलो. त्या रात्री खोलीत काय घडले ते अख्ख्या चाळीने ऐकले होते. मीही ऐकले होते.

या लेखासाठी वाचन करताना एक साधी वैद्यकीय माहिती हाती आली. माणूस घसरून पडतो तेव्हा तो हात टेकतो, आणि हाड मोडलेच तर बहुधा मनगटाजवळ मोडते. डोक्यावर येणारा फटका अडविण्यासाठी हात वर धरला, तर करंगळीच्या बाजूचे हाड मनगट व कोपर यांच्या मधोमध मोडते. वहिनींचे हाड मधोमध मोडले होते. म्हणजे एक्स-रे एक सांगत होता आणि मी दुसरेच. माझ्या खोट्याने त्यांच्या हाताला प्लास्टर मिळाले, पण खऱ्या दुखण्यावर उपचार झालाच नाही. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे

घरातील हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काठी वा थप्पड येते. कायद्याची दृष्टी याहून व्यापक आहे. संसदेने २००५ साली केलेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमात चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. मूल होत नाही वा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणे, माहेरच्यांना शिव्या देणे, मुलांना काढून नेण्याची धमकी देणे हा भावनिक छळ होय. घरखर्चाला पैसे न देणे, तिचा पगार काढून घेणे, तिचे स्त्रीधन मोडणे, घराबाहेर काढणे हा आर्थिक छळ होय.

आर्थिक छळाचा विचार आपल्या भागापुरता करून पाहण्यासारखा आहे. १९७० नंतर नवी मुंबईसाठी पनवेल-उरण पट्ट्यातील जमिनी संपादित झाल्या. त्या जमिनींत नांगरणी पुरुषाची असली तरी लावणी, बेणणी, कापणी यांत बाईचे श्रम होते. सातबारावर मात्र बहुधा पुरुषांचीच नावे असल्याने मोबदलाही त्यांच्याच हाती आला. शेत गेले तेव्हा तिचे कामही गेले आणि पैशावर तिचे नाव लागले नाही. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःची कमाई नाही तिला मारणारे घर सोडणे किती कठीण जाते, हे सांगावयास नको.

हा रोग किती पसरलेला आहे?

"असे प्रकार अडाणी, गरीब घरांत होतात," हे वाक्य आपण वरचेवर ऐकतो. इतिहास आणि आकडेवारी दोन्ही त्याविरुद्ध साक्ष देतात.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून डॉक्टर झाल्या. त्यांना शिकविण्याचा ध्यास घेतलेले पती गोपाळराव सुधारक म्हणून ओळखले जातात. परंतु लहान वयात आपल्याला लाकडाने मारले, खुर्च्या व पुस्तके अंगावर फेकली, याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीलाच लिहिलेल्या पत्रात करून दिली होती. शिक्षणाच्या कैवाऱ्याच्या घरातही हात उगारला जात होता. त्याच काळात, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सारे दोष स्त्रीच्याच माथी मारणाऱ्या समाजाला जाब विचारला.

आजची स्थिती पाहू. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असे आहे. याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे अधिक विचार करायला लावतात. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. आणि सासरच्यांचा मान न राखणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे अशा सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणाने पतीने पत्नीला मारणे योग्य आहे, असे ४५ टक्के स्त्रियांनी व ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. म्हणजे ती म्हण केवळ पुरुषांच्या मनात नाही, बायकांच्याही मनात घर करून आहे.

शरीरावर होणारे परिणाम

मारहाणीच्या जखमा बऱ्याचदा चेहरा, डोके, मान आणि हात यांवर असतात. कानशिलात बसलेल्या एका थपडेने कानाचा पडदा फाटू शकतो. "आमच्या हिला जरा कमी ऐकू येतं," असे सांगणाऱ्या घरात त्या कमी ऐकण्याचे कारण कोणी विचारीत नाही. गळा दाबण्याचा प्रकार विशेष घातक आहे. बाहेरून वळ दिसतोच असे नाही, आणि तरीही मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षणांत तुटू शकतो. ज्या घरात एकदा गळ्याला हात गेला, तिथे पुढे जिवावर बेतण्याचा धोका कितीतरी वाढतो, असे जाणकार सांगतात.

गरोदरपणात तरी बाईला जपले जाईल अशी आपली समजूत असते. तीही नेहमी खरी ठरत नाही. पोटावर मार बसला तर वार सुटते, रक्तस्राव होतो, दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना कमी वजनाचे मूल होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा १६ टक्क्यांनी अधिक असते. म्हणजे आईला बसलेला मार न जन्मलेल्या मुलापर्यंत पोहोचतो.

याखेरीज ज्या दुखण्यांचा मारहाणीशी संबंध आहे हे ध्यानातच येत नाही, अशी दुखणी पुष्कळ आहेत. सततची डोकेदुखी, कंबरदुखी, ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, छातीत धडधडणे, पित्त, झोप न येणे. सतत भीतीच्या छायेत राहणाऱ्या माणसाचे शरीर सदैव संकटासाठी सज्ज असते. रक्तात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, स्नायू आखडलेले राहतात, पचन बिघडते. जिन्यावर पावले वाजली की जिचे काळीज लकाकते, तिची डोकेदुखी गोळीने तेवढ्यापुरती थांबते आणि पुन्हा सुरू होते. त्यात सर्वांच्या शेवटी, उरेल ते खायचे. दवाखान्याला पैसे मागायचे तेही त्याच माणसाकडे. मग रक्त कमी होते आणि आजार अंगावर काढला जातो.

मनावर होणारे परिणाम

मनाची जखम एक्स-रेत दिसत नाही. वर उल्लेख केलेल्या अहवालात म्हटले आहे की हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. प्रत्येक वेळी "तूच तसं वागलीस" असे ऐकून ऐकून बाईलाही तेच खरे वाटू लागते. माहेरी जाणे कमी होते, मैत्रिणी तुटतात, हसणे कमी होते. शेजारी म्हणतात, हल्ली ती घुम्यासारखी असते. आत्महत्येचे विचार याच वाटेने येतात.

या संदर्भात महाराष्ट्राला विसरता न येणारी एक घटना पुण्याची आहे. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत विषाने मृत्यू झाला. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे न्यायालयासमोर आली. त्यांतून तिच्या मनाची व्यथा दिसत होती. खालच्या न्यायालयाने व उच्च न्यायालयाने पतीला दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये पुरावा पुरेसा नसल्याने त्याला निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय आपण मानलाच पाहिजे. पण ती पत्रे लिहिणारी मुलगी जिवंत असताना तिच्यापर्यंत वेळेवर मदत का पोहोचली नाही, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हता, समाजाचा होता. पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरविले आणि ते गावोगाव नेले. प्रदर्शनाच्या नावातच सारे काही आले होते : मंजुश्री एकच नव्हती.

मुलांचे काय होते?

"मुलांसाठी सहन करते," हे वाक्य आपल्या कानांना सवयीचे आहे. त्यामागची माया खरी आहे. पण मुलांना त्यातून काय मिळते हेही पाहिले पाहिजे. आईवर हात उगारलेला पाहणारे मूल स्वतः मार खात नसले तरी त्या हिंसेचा बळीच असते. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, झोपेत दचकतात, अडखळत बोलू लागतात. शाळकरी मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. शिक्षक त्यांना 'ढ' ठरवितात किंवा 'मस्तीखोर' म्हणतात. मोठ्या मुलीवर धाकट्यांना घेऊन बाहेर जाण्याची जबाबदारी येऊन पडते.

सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे मूल घरात जे पाहते तेच घर चालविण्याची रीत म्हणून शिकते. ज्या स्त्रियांच्या वडिलांनी आईला मारले होते त्या स्त्रियांनाही पतीकडून हिंसा सोसावी लागण्याचे प्रमाण अधिक असते, असे राष्ट्रीय सर्वेक्षणात पुनःपुन्हा आढळले आहे. मुलगी सोसायला शिकते आणि मुलगा मारायला शिकतो. मुलांसाठी जे सहन केले जाते ते अशा रीतीने मुलांच्याच संसारात पुन्हा उगवते.

दारू : कारण की निमित्त?

"माणूस वाईट नाही हो, दारू वाईट," असे म्हणणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पनवेल हे महामार्गांवरचे गाव. २००५ च्या मार्च महिन्यात पनवेलच्या तत्कालीन आमदारांनीच विधानसभेत डान्स बारचा प्रश्न लक्षवेधी सूचनेद्वारे मांडला होता. या बारपायी घरे उद्‌ध्वस्त होत आहेत, अशी ती तक्रार होती. त्याच वर्षी राज्यात बंदीचा कायदा झाला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो रद्द ठरविला व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या निकालावर शिक्कामोर्तब केले. खारघरच्या रहिवाशांनीही आपले शहर दारूमुक्त राहावे म्हणून दीर्घ काळ लढा दिला आहे. या चळवळींमागची बायकांची तळमळ खोटी नव्हे. दारूने घरातला पैसा जातो आणि हिंसा वाढते हे निर्विवाद आहे. सर्वेक्षणानुसार ज्यांचे पती वारंवार दारू पिऊन झिंगतात अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली आहे.

पण त्याच पानावर दुसरा आकडा आहे. ज्यांचे पती दारूला स्पर्शही करीत नाहीत, अशांपैकीही सुमारे २३ टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली आहे. तेव्हा दारू हेच एकमेव कारण असते तर हा आकडा शून्याजवळ असता. शिवाय असे पाहा की, प्यालेला माणूस मुकादमावर वा साहेबावर हात टाकीत नाही. रस्त्यातल्या पोलिसाला तो सलामच ठोकतो. घरी आल्यावर मात्र त्याचा हात सुटतो, कारण इथे जाब विचारणारा कोणी नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. दारू आगीत तेल ओतते, पण आग तिच्या आधीपासून असते. बायको ही आपल्या मालकीची आहे, ही समजूत म्हणजे ती आग होय.

इथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या २००५ साली राज्याने घराबाहेरचे बार बंद करण्याचा कायदा केला, त्याच २००५ साली संसदेने घराच्या आतल्या बाईला संरक्षण देणारा कायदा केला. पहिल्याची चर्चा पनवेलच्या नाक्यानाक्यावर झाली. दुसऱ्याचे नावही आपल्या वर्गातील बहुतेकांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

रुग्णालयातील 'दिलासा'

आता उत्तराकडे वळू. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जायला धजत नाही. गावकीपुढे गेली तर "मिटवून टाका" असे सांगितले जाते. माहेरी गेली तर चार दिवसांनी परत पोचविली जाते. पण दवाखान्यात ती जातेच. दवाखान्यात जाण्यासाठी कोणाची समजूत घालावी लागत नाही. ही साधी गोष्ट हेरून मुंबईत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' नावाचे केंद्र सुरू केले. सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयाच्या आत चालणारे अशा प्रकारचे ते देशातील पहिले केंद्र मानले जाते. पुढे मुंबईतील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

येथील कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. डॉक्टर व परिचारिका यांना जखमांवरून आणि वारंवार येणाऱ्या दुखण्यांवरून संशय घ्यायला शिकविले जाते. बाईला नातेवाइकांपासून बाजूला घेऊन, दार लावून, शांतपणे विचारले जाते. विष पोटात गेलेल्या बाईच्या कागदावर 'चुकून घेतले' असे लिहून न थांबता तिच्याशी बोलले जाते. ती जे सांगेल ते कागदावर नोंदविले जाते आणि तो कागद पुढे न्यायालयात तिच्या बाजूने उभा राहू शकतो. त्याच इमारतीत समुपदेशक असते. ती बाईला "असं कर" असा हुकूम सोडीत नाही. तिच्यापुढे कोणकोणत्या वाटा आहेत ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपविते.

पोलीस यंत्रणेतही असाच एक प्रयत्न त्याआधी झाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे पोलिसांच्याच आवारात बसून बायकांचे ऐकून घेऊ लागली. हे प्रयोग बाहेरच्या कोणत्या देशातून नव्हे, आपल्या हाकेच्या अंतरावरच्या मुंबईत झाले, याचा अभिमान वाटतो.

कायदा काय देतो?

१९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. पतीने वा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा त्यामुळे स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तीच तरतूद आता कलम ८५ व ८६ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. या कलमाच्या व्याख्येत स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका पोचविणे, असा स्पष्ट उल्लेख आहे.

परंतु पुष्कळ बायकांना नवऱ्याला तुरुंगात धाडायचे नसते. त्यांना मार थांबायला हवा असतो आणि डोक्यावरचे छप्पर टिकायला हवे असते. २००५ चा कायदा त्यासाठी आहे. त्याची ठळक वैशिष्ट्ये अशी :

(१) केवळ पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, लग्नासारख्या संबंधात राहणारी स्त्री अशा सर्वांना तो लागू आहे.

(२) ती संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वा स्वतः दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. ती तात्पुरती जिथे राहत असेल तिथेही अर्ज चालतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उशीर होतो, हेही सांगितले पाहिजे.

(३) मारहाण करू नये असा आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई न्यायालय देऊ शकते. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

(४) घर सासऱ्याच्या नावावर आहे, एवढ्याच कारणाने सुनेचा राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला.

(५) मदत मागणाऱ्या स्त्रीवर उपचार करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, असे या कायद्यात नमूद आहे.

याशिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा तातडीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक आक्षेप

या विषयावर वर्गात चर्चा झाली तेव्हा एका मित्राने विचारले, "पण बायका खोट्या केसेस करतात त्याचे काय?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. खोट्या तक्रारी होतात, आणि निरपराध वृद्ध सासूसासऱ्यांना त्रास होतो तेव्हा तोही अन्यायच असतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रकरणांत सरसकट अटक न करता आधी गरज तपासावी, असे पोलिसांना बजावले. पण तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. शंभरांतील ७७ स्त्रिया जिथे तोंडच उघडीत नाहीत, तिथे आपल्या समाजाची मुख्य अडचण खोटे बोलणाऱ्या तक्रारी ही आहे की न बोललेले खरे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपण काय करू शकतो?

आपण विद्यार्थी आहोत. आपल्या हाती अधिकार नाहीत. तरीही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

बाई एकटी असताना विचारावे. ती सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. "थोडं जमवून घे," हे शब्द तोंडातून काढू नयेत. तिच्या वतीने तिच्या नवऱ्याला जाब विचारायला एकट्याने जाऊ नये, त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, केसपेपर यांच्या प्रती एखाद्या भरवशाच्या घरी ठेवायला सांगावे. मारहाण सुरू असेल तर ११२ वर कळवावे, किंवा निदान चौघांनी मिळून दाराची कडी वाजवावी. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करण्यापेक्षा ते शतपट चांगले.

मुलांवर विशेष जबाबदारी आहे. मुंबईत १९९३ साली काही पुरुषांनीच एकत्र येऊन 'मावा' ही स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणारी संघटना काढली आणि कॉलेजातील तरुणांशी बोलायला सुरुवात केली. पुरुष म्हणजे मारणारा, ही ओळख मोडून काढणे हे पुरुषांच्याही हिताचे आहे, असे ही मंडळी मानतात. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते व शोषखड्डे यांबरोबर हा विषयही घ्यायला काय हरकत आहे?

समारोप

आता पुन्हा त्या म्हणीकडे येऊ. तीत तिघे आहेत : नवरा, पाऊस आणि राजा. पैकी पावसावर आजही कोणाची सत्ता नाही. पण राजा बदलला. त्याने आता कायदा केला आहे, आणि नवऱ्याने मारले तर माझ्याकडे या, असे त्या कायद्यात लिहिले आहे. तेव्हा दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न आता अनुत्तरित राहिलेला नाही. दाद मागणारीच्या वाटेवर पहिला माणूस कोण उभा असतो, हा खरा प्रश्न आहे. तो डॉक्टर असेल, शिक्षक असेल, शेजारीण असेल. त्या रात्री ती मी होते, आणि मी खोटे बोलले.

महिन्यापूर्वी वहिनी पाण्याच्या नळावर भेटल्या. प्लास्टर केव्हाच निघाले आहे, पण पिळा घालताना हात अजून दुखतो म्हणाल्या. आसपास कोणी नव्हते. मी म्हटले, "वहिनी, त्या दिवशी मी चुकले. पुन्हा तशी वेळ आली तर मी खरं सांगणार. तुम्ही हो म्हणालात तरच." त्या काही बोलल्या नाहीत. मी १८१ हा क्रमांक सांगितला. दोन दिवसांनी त्यांच्याकडे साखर आणायला गेले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर किंचित उचलून दाखविले. मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन आकडे लिहिलेले होते, आणि त्यापुढे लिहिले होते, 'मावशी'.